मोठेबाबांचं सेको: अस्सल किती, बदललेलं किती

भाऊ, तुमचा मजकूर दोनदा वाचला आणि सहाही फोटो मोठे करून पाहिले. इतरांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. तुमच्या मोठेबाबांनी १९८२ च्या सुमारास कुवेतहून एक जाडजूड सेको घड्याळ आणलं, पाणबुड्यांचं, फिरत्या रिंगचं. ते गेल्यावर घड्याळ कोठीतल्या पेटीत पडून राहिलं. आता नागपूरचा एक जण घ्यायला तयार आहे, पण 'डायल बदललेली आहे' म्हणून अर्धीच किंमत देतो. तुमच्या मुलाचं म्हणणं, आधी पॉलिश मारू, काच बदलू, मग विकू. पेटीत चुन्याची एक जुनी डबी निघाली, तिच्यात बारीक पत्र्याचे तुकडे आहेत, ते फेकायचे का, असंही तुम्ही विचारलंय.

पॉलिशचं आधी सांगतो. मुलाला थांबवा. कापडानंसुद्धा घासू नका.

हे मी चूक करून शिकलो आहे. दर्यापुरात बाजाराच्या रस्त्यावर घड्याळदुरुस्तीचं टेबल लावून मला ३८ वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात पूर्णेकाठच्या एका गावचे काकाजी असंच सेको घेऊन आले होते. मी केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं स्टीलचं अंग, बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरून आरसा केली, पिवळी पडलेली डायल काढून मुंबईहून मागवलेली नवी छापील डायल बसवली, जुने काटे कचऱ्यात टाकले. काकाजी खूश. 'लय मस्त केलं गा,' म्हणाले आणि वरून चहाचे पैसे देऊन गेले. बऱ्याच वर्षांनी त्यांचा मुलगा तेच घड्याळ विकायला माझ्याकडेच आला. झाकण उघडलं तर आत माझ्याच सुईनं कोरलेली तारीख. त्या घड्याळाचा जीव मीच घेतला होता, आणि ते पोराला सांगायचंही मलाच होतं.

तेव्हापासून माझी रीत बदलली. घड्याळ सुंदर दिसतं का हे मी शेवटी बघतो. आधी त्याच्या भागांचं एकमेकांशी पटतं का ते बघतो. सातबारा हातात आला की आपण फेरफार काढून नावं जुळवतो, तसंच. झाकण एक सांगतं, डायल दुसरं, काटे तिसरं, आणि तिघांची साक्ष एक निघाली तरच घड्याळ खरं. एकटा कुठलाही भाग पुरावा नसतो.

झाकणापासून सुरू करू. तुमच्या दुसऱ्या फोटोत मागे ६३०९-७०४० असं कोरलंय. पहिले चार आकडे मशीनचे, पुढचे चार केसचे. खाली सहा आकडी क्रमांक आहे, त्याची सुरुवात १ नं, मग एन हे इंग्रजी अक्षर. सेकोच्या त्या काळच्या क्रमांकात पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरी जागा महिन्याची. जानेवारी ते सप्टेंबर १ ते ९, मग ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. दशक क्रमांकात नसतं, ते मॉडेलवरून काढावं लागतं. हे मॉडेल १९७६ पासून १९८८ पर्यंत निघालं, म्हणजे १ हा आकडा १९८१ चाच. नोव्हेंबर १९८१ ला बनलं आणि १९८२ ला मोठेबाबांनी कुवेतला घेतलं. घरात सांगितली जाणारी गोष्ट आणि झाकण इथं जुळतं.

आणखी एक साक्ष तुमच्या लक्षातही आली नसेल. तिसऱ्या फोटोत वाराच्या खिडकीत अरबी अक्षरं आहेत. या मशीनमध्ये वाराच्या चकतीवर दोन भाषा असतात आणि आखाती देशांत विकल्या गेलेल्या घड्याळांत इंग्रजीसोबत अरबी यायची. कुणी मुद्दाम अरबी चकती शोधून बसवेल, असं मला वाटत नाही.

त्याच खिडकीत मी अजून एक गोष्ट बघतो, आणि ती तुम्हीही भिंगाशिवाय बघू शकता. या घड्याळाची चावी, म्हणजे बाजूची फिरवायची गुंडी, चारच्या जवळ आहे, खिडकी मात्र तीनवर. साध्या घड्याळात चावी तीनवर असते. म्हणजे या केसमध्ये मशीन थोडं वळवून बसवलेलं असतं, आणि तारखेच्या चकतीवरचे आकडेही त्याच हिशोबानं छापलेले असतात. आता ६३०९ हे मशीन सेको फाइव्हसारख्या साध्या घड्याळांतही यायचं. ज्यानं तीनवर चावी असलेल्या साध्या सेकोचं मशीन उचलून पाणबुड्याच्या केसमध्ये टाकलं, त्याच्या खिडकीत तारीख मान वाकडी करून बसते. तुमची सरळ आहे. पण एवढ्यावर हुरळून जाऊ नका. चारवर चावी असलेली साधी सेकोही भरपूर होती. तिरपी तारीख म्हणजे नक्की गडबड, पण सरळ तारीख म्हणजे नक्की अस्सल, असं उलटं होत नाही.

झाकण न उघडता मशीनची एक परीक्षा घरीच करा. चावी उलटी फिरवून आटे सोडवा, ती टुणकन बाहेर येईल. तशीच फिरवून बघा: ६३०९ ला हातानं चावी बसत नाही, ते मनगटाच्या हालचालीवर चालतं. मग चावी पूर्ण बाहेर ओढा. सेकंद काटा चालतच राहिला पाहिजे. थांबला तर आत ६३०९ नाही. एक तर त्याचं जपानी बाजारातलं भावंड ६३०६ आहे, नाहीतर कुणीतरी आजकालचं नवं मशीन कोंबलंय. आणि हो, रात्री ९ ते पहाटे ४ च्या दरम्यान तारीख पुढे ढकलू नका, त्या वेळी आतले दाते गुंतलेले असतात. ही परीक्षा दुपारी करा.

आता डायल, म्हणजे भांडणाचं मूळ.

नागपूरवाले भाऊ डायल बदललेली म्हणतात ते कशावरून, हे त्यांनी सांगितलेलं नाही. माझा अंदाज असा की डायलवरचं रेडियम पिवळं आणि काट्यांवरचं पांढरं दिसतंय, ते बघून ते बोलले. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष उलटा. दोन भागांचं पटत नाही तेव्हा खोटा कोण, हे वेगळं ठरवावं लागतं.

रेडियम हा आपल्याकडचा शब्द, अंधारात चमकणाऱ्या सगळ्यालाच आपण रेडियम म्हणतो. १९८१ च्या सेकोत खरं रेडियम नाही, काळजी नको. मात्र १९५० च्या दशकातलं एखादं जुनं स्विस घड्याळ हाती आलं तर डायल खरवडू नका आणि फुंकर तर अजिबात मारू नका. चमक मेलेली असली तरी खरं रेडियम सोळाशे वर्षांत जेमतेम निम्मं होतं. पुढे ट्रिशियम आलं, ते सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं आणि स्विस डायलवर सहाच्या खाली टी या अक्षरानं ओळखता येतं. १९९० च्या दशकात किरणोत्सर्ग नसलेला, प्रकाश पिऊन घेणारा नवा मसाला आला, आणि आज सगळे दुरुस्तीवाले तोच भरतात.

परीक्षा सोपी आहे. नोटा तपासायचा जांभळा दिवा कुठल्याही मोठ्या किराणावाल्याकडे मिळेल. अंधाऱ्या खोलीत तो डायलवर धरा आणि मनात दहा मोजून बंद करा. जुनं रेडियम दिवा असेपर्यंत मंद उजळतं आणि दिवा गेला की काही क्षणांत मरतं. नवं हिरवंगार पेटून बराच वेळ तसंच राहतं. तुमच्या घड्याळात डायलवरचे ठिपके विझतील आणि काटे पेटलेले राहतील, हे मी फोटोवरूनच लिहून देतो. म्हणजे डायल म्हातारी आणि काटे तरणे. डायल बदलली असती तर चित्र उलटं दिसलं असतं.

डायल खरी वाटायला माझ्याकडे आणखी कारणं आहेत. चौथा फोटो तुम्ही फार छान काढलाय, खिडकीजवळच्या उजेडात. त्यात सहाच्या खाली, अगदी काठाला, बारीक छापलेला क्रमांक दिसतो आणि तो ६३०९ नं सुरू होतो. दुसऱ्या मशीनची डायल असती तर इथंच पकडली गेली असती. अक्षरांच्या कडा धारदार आहेत. पुन्हा छापलेल्या डायलवर भिंग धरलं की अक्षराच्या कडेला शाई पसरलेली दिसते, ओल्या वर्तमानपत्रासारखी. आणि डायलवर पाण्याचा आकडा १५० मीटर आहे, तो झाकणाशी जुळतो. माझ्याकडे अशी कितीतरी आली की झाकण १५० म्हणतंय आणि डायल २००. परदेशातले शौकीन आपल्याकडच्या अशा रंगवून जमवलेल्या सेकोंना 'मुंबई स्पेशल' म्हणून हिणवतात. राग येतो, पण माझ्या त्या काकाजींचं घड्याळ आठवलं की तोंड उघडत नाही.

डायलवर आठ आणि नऊच्या मध्ये जो डाग आहे, ती ओल. कधीतरी पाणी आत गेलंय. तो डाग मला आवडला. रिप्रिंट डायलवर असा चाळीस वर्षांचा डाग कोण आणणार?

फिरती रिंग मात्र बदललेली आहे, निदान तिच्यावरची काळी पट्टी तरी. मूळ पट्टीवर आकडे चांदीसारखे असतात, खालचं अॅल्युमिनियम दिसतं. तुमचे पांढरे रंगवलेले आणि जाड आहेत. रिंग फिरवून बघा, या मॉडेलची दोन्ही बाजूंना फिरते आणि पूर्ण फेऱ्यात ६० टिचक्या देते. एकाच बाजूला फिरत असेल तर पट्टीच नाही, अख्खी रिंगच दुसरी. बदललेल्या पट्टीनं किंमत कमी होते, पण थोडी. ती शेतातल्या अवजारांवर घासून खराब होणारी गोष्ट आहे, आणि जुनी मूळ पट्टी शोधून परत बसवता येते. पट्ट्याचंही तेच: या घड्याळासोबत २२ मिलिमीटर रुंदीचा काळा रबरी पट्टा यायचा. आपल्याकडच्या उन्हात तो टिकला असता तरच नवल, नसल्याचं दुःख मानू नका.

केसबद्दल मात्र तुम्ही नशीबवान. या केसचा वरचा भाग बारीक रेघांचा आणि बाजू आरशासारख्या चकचकीत असतात. दोन्ही जिथं भेटतात तिथं एक धार असते. पाचव्या फोटोत ती धार सुरीसारखी दिसतेय. ओरखडे आहेत, बाराच्या बाजूला एक खोल टवका आहे, पण धार शाबूत आहे. म्हणजे या घड्याळाला आजवर कुणी बफवर धरलेलं नाही. ओरखडा हा स्टीलवरच असतो, पॉलिश ते स्टीलच खाऊन टाकतं आणि गेलेलं स्टील परत येत नाही. मुलाला एवढं एक वाक्य दाखवा.

आता प्रकृती. अस्सलपणा आणि प्रकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या भागात दुसरीच जास्त दगा देते. तुम्ही अंजनगावचे, मी दर्यापूरचा, खारपाणपट्टा आपल्याला सांगायला नको. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या या पट्ट्यात विहिरीचं पाणीच खारं. त्या पाण्यानं हात-तोंड धुतलं, घाम आला, ते मीठ झाकणाच्या फटीत शिरलं आणि रबराच्या रिंगखाली साचून राहिलं. तिथं हवा पोचत नाही, आणि अशा बंद खारट जागी स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात. वरून घड्याळ चकाचक, झाकण उघडलं की रबर बसतं ती स्टीलची जागा उंदरानं कुरतडल्यासारखी. मग कितीही नवं रबर टाका, पाणी आत येणारच. पुण्या-मुंबईचा मेकॅनिक हे उशिरा बघतो, मी सगळ्यात आधी बघतो. फोटोवरून हे कळत नाही, त्यासाठी झाकण उघडावंच लागेल. आणि ते घरी चाकूनं उघडू नका. चाकू निसटला की झाकणावर जो चरा पडतो, तो आयुष्यभर तसाच राहतो.

दुसरी जागा म्हणजे चावीचे आटे. चावी दाबून फिरवल्यावर दोन-तीन वेढे घेऊन घट्ट बसली पाहिजे. नुसतीच गरगर फिरली तर केसच्या नळीतले आटे गेलेत, आणि ते काम कटकटीचं. तुम्ही लिहिलंय की 'बसते पण शेवटी थोडी अडते'. ते बहुतेक वाळलेला मळ आणि कापसाचं तूस. जिनिंगच्या गावातल्या प्रत्येक घड्याळात मला ते सापडतं.

ओल अजून आत आहे का, ते बघायची जुनी युक्ती आहे. घड्याळ कोमट करायचं, काचेवर थंड पाण्याचा एक थेंब मिनिटभर ठेवायचा आणि पुसायचा. आतून धुकं धरलं तर ओल आहे. कोमट करायला लोक दिवा वापरतात. आपल्याकडे मे महिन्यात खिशात ठेवलं तरी पुरतं.

आणि १५० मीटर लिहिलंय म्हणून कुणी ते घालून विहिरीत उडी मारू नका. पाणबुड्यांच्या आधुनिक घड्याळांची सुरुवात १९५३ सालच्या, ब्लाँपँ या स्विस कंपनीच्या 'फिफ्टी फॅदम्स' पासून धरतात. पन्नास फॅदम म्हणजे पन्नास वाव, साधारण ९१ मीटर. आपल्याकडे विहीर परसानं मोजतात, हिशोब त्याच जातीचा. सेकोनं पहिलं पाणबुडं घड्याळ १९६५ ला काढलं तेव्हाही १५० मीटरच लिहिलं होतं. पण तो आकडा नव्या रबराचा आहे. चाळीस उन्हाळे काढलेलं रबर चिवड्यासारखं मोडतं. हातपंपावर हात धुतानासुद्धा हे घड्याळ काढून ठेवा.

मशीन चालतंय आणि दिवसाला चार मिनिटं मागे पडतंय, असं तुम्ही म्हणता. इतकी वर्षं पडून राहिलेल्या घड्याळाला हे क्षम्य आहे, आतलं तेल डिंकासारखं झालं असणार. पण हौस म्हणून रोज हलवून चालवू नका. कोरड्या धुरांवर चाकं फिरली की धुरा झिजतात, आणि झीज सर्व्हिसिंगनं भरत नाही. मशीनवर ६३०९ए आणि १७ ज्वेल्स, म्हणजे धुरा टेकायचे खडे, असं कोरलेलं असायला हवं. २१ दिसले तर मला लगेच कळवा. मशीन याच जातीचं पण दुसऱ्या सेकोतून आलेलं असेल तर? खरं सांगू, ते मलाही ओळखता येणार नाही. सेको या मशीनवर प्रत्येकाचा वेगळा क्रमांक टाकत नव्हतं. जिथं पुरावा होऊच शकत नाही तिथं मी भांडत नाही.

जाता जाता एक, कारण हा प्रश्न मला महिन्याला दोनदा येतो. नावात 'सी', म्हणजे समुद्र आहे म्हणून फावर-ल्युबा या स्विस कंपनीचं 'सी चीफ' किंवा 'सी किंग' पाणबुड्यांचं होत नाही. ती चांगली, पण चावीची साधी घड्याळं आहेत. त्याच कंपनीनं खरी पाणबुडी घड्याळंही काढली, ती आपल्या गावांत क्वचितच दिसतात.

तर नागपूरवाल्या भाऊंना एवढं सांगा: डायल मूळ आहे, काटे आणि रिंगवरची पट्टी बदललेली आहे, केसला पॉलिश नाही, झाकणाखालची जागा तपासायची बाकी आहे. डायल बदललेली कशावरून म्हणता, ती खूण दाखवा. जाणकार असतील तर दाखवतील किंवा भाव बदलतील. भाव किती, ते मी सांगणार नाही, दुसऱ्याच्या सौद्यात बोलणं माझ्या धंद्यात बसत नाही.

राहिली ती चुन्याची डबी. तुमच्या सहाव्या फोटोत ती कोपऱ्यात अर्धवट आलीय, आणि आतला एक तुकडा लांबट, मधे खाच असलेला दिसतो. जुने प्रामाणिक कारागीर काढलेले भाग कागदात बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायचे. मोठेबाबांनी काटे बदलून घेतले तेव्हा त्यांना असा कुणीतरी भेटला असावा, माझ्यासारखा कचऱ्यात टाकणारा नाही. डबी उलटी करू नका. तिच्यातलं सगळं काळ्या कापडावर अलगद काढा, बोटानं नको, कागदाच्या घडीनं. मग त्याच जांभळ्या दिव्याखाली बघा. तुकड्यातलं रेडियम डायलसारखंच मंद उजळून लगेच विझलं, तर डबी तशीच रुमालात बांधा आणि घड्याळासोबत दर्यापूरला घेऊन या.